परदेशी नोकरीला निघताना हातातल्या बॅगेत नेमके कोणते कागद?

वाळवेकर_मामा · रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

भाचा वेल्डर. आयटीआय झालाय, वय २३. दोह्याला नोकरी लागली आहे. मुंबईत कतार व्हिसा सेंटरला जाऊन बोटांचे ठसे, मेडिकल, करारावर सही, सगळं उरकलं. व्हिसाही आला. निघायला तीन आठवडे आहेत. बहिणीनं चटण्यांचे डबे भरायला घेतलेत आणि कागदांचं खातं माझ्या गळ्यात पडलंय, कारण आमच्या घराण्यात परदेशी विमानात बसलेला मी एकटाच. तेही एकदाच.

त्या एकदाचं सांगतो, म्हणजे मी का धसका घेतलाय ते कळेल. कारखान्यानं जर्मनीहून मशीन घेतलं होतं, ते तिथून सुटायच्या आधी तपासून यायला मला पाठवलं. फ्रँकफर्टला खिडकीतल्या साहेबानं विचारलं, कशाला आलात? मी छाती काढून म्हणालो, "वर्क!" व्हिसा होता बिझनेसचा. झालं. साहेबानं निमंत्रणाचं पत्र मागितलं. पत्र मोठ्या बॅगेत, बॅग पट्ट्यावर गोल गोल फिरतेय आणि मी पट्ट्याच्या अलीकडे. पाऊण तास बाकावर बसून होतो. शेवटी त्यांनीच मशीनवाल्या कंपनीला फोन लावला, मग सुटलो. त्या पाऊण तासात माझ्या खिशात काय काय होतं सांगू? पासपोर्ट, आणि विमानात मिळालेल्या मिठाच्या दोन पुड्या.

तर भाच्याचं असं होऊ नये. अस्सल कागद कोणते न्यायचे, झेरॉक्स कशाच्या, हातात काय आणि मोठ्या बॅगेत काय? आणि सगळं मोबाईलमध्ये ठेवून भागतं का? तो म्हणतो भागतं.

---

पावसाळी_ढग · रविवार, रात्री ९:५२

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पेन. पेन विसरू नका मामा. फॉर्म भरायच्या वेळी अख्ख्या रांगेत एकाकडेच पेन असतं आणि तो माणूस त्या दिवशी राजा असतो.

---

काउंटरवाली · रविवार, रात्री १०:३०

विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर मी बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. लोकांना वाटतं आम्ही उगाच छळतो. तुमचा प्रवासी समोरच्या देशानं परत पाठवला तर त्याला आणायचा खर्च कंपनीवर पडतो, वर दंड. म्हणून आम्ही आधीच बघतो. आमच्यासमोर टिमॅटिक नावाची यंत्रणा असते. नागरिकत्व कोणतं, कुठे चाललात, कशासाठी, हे टाकलं की काय काय लागेल ते ती सांगते. तिनं नाही म्हटलं तर तुमचे मामा मंत्री असले तरी बोर्डिंग पास निघत नाही. (मामा, तुम्हाला नाही हो.)

माझा सल्ला मात्र इथं बहुतेकांच्या उलट असेल. जाडजूड फाईल काउंटरवर आपटू नका. मागितलं तेवढंच द्या. एकदा एका मुलानं न मागता कंपनीच्या ईमेलचा गठ्ठा पुढे केला. त्यातल्या एकात पगार करारापेक्षा वेगळा होता. तोवर माझ्या डोक्यात काही नव्हतं, नंतर बरंच काही आलं.

कागद हवेत सगळे. पण पिशवीत.

---

भंडारी_दाभोळ · रविवार, रात्री ११:१५

ताईंशी असहमत. आम्ही बोटीवरची माणसं, आमचं सगळं आयुष्य फाईलमध्ये. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यूची म्हणजे बोटीवरच्या प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, मेडिकल, करार, बंदरातल्या एजंटचं पत्र. ते पत्र नसेल तर विमानातच बसवत नाहीत, कारण आमच्याकडे परतीचं तिकीट नसतं. आम्ही जाणार विमानानं आणि येणार कधी, कुठल्या बंदरातून, ते देवाला आणि कंपनीला माहीत.

मी भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. आडनावाने पण भंडारीच, त्यामुळे हाक मारली की दोनदा ओ देतो. लागोसला बोट पकडायची होती. पिवळ्या तापाची लस कधीच घेतलेली, ती आता आयुष्यभर चालते, त्यामुळे निवांत होतो. पण मधे पासपोर्ट नवा झाला आणि पिवळ्या कार्डावर नंबर राहिला जुना. मुंबईच्या काउंटरवरचा पोरगा दोन्ही नंबर बोटानं एकेक आकडा करून ताडून बघतोय आणि माझ्या पोटात गोळा. जुना पासपोर्ट नव्याला रबर लावून बांधलेला होता म्हणून वाचलो. तेव्हापासून जुने पासपोर्ट घरी ठेवत नाही. चार झालेत. विटेएवढा गठ्ठा होतो, होऊदे.

आणि ती लस आयत्या वेळी घेऊन चालत नाही, घेतल्यावर १० दिवसांनी लागू धरतात. आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून येताना कार्ड नसेल तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं.

---

पावसाळी_ढग · रविवार, रात्री ११:२१

सहा दिवस सरकारी खर्चानं आराम? कुठे अर्ज करायचा?

---

लग्नाआधीची_मी · सोमवार, सकाळी ७:०५

नावं जुळवा! मामा, भाच्याच्या दहावीच्या मार्कलिस्टवर, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आणि पासपोर्टवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते बघा.

माझं ऐका. आपल्याकडे मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. कॅनडात नोकरीला लागले तेव्हा तिथल्या बाईंनी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं. पहिलं वर्षभर माझ्या ओळखपत्रावर आईचं नाव आडनाव म्हणून होतं. आईला फोटो पाठवला, तिला इतका आनंद झाला की दुरुस्त करायला जीव होईना.

हे गमतीचं. डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या, ही खरी डोकेदुखी. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत अशी जोडगोळी मी अजून बाळगते. नवऱ्याची फाईल माझ्या फाईलच्या निम्मी आहे. का, ते विचारू नका, वेगळा धागा होईल.

---

दुबईकर_जोशीण · सोमवार, सकाळी ८:४०

वरच्या ताईंना +१००.

आणखी एक: लॅमिनेशन करू नका. आमच्या बाबांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माझी डिग्री लॅमिनेट करून आणली होती, अभिमानानं. दुबईच्या नोकरीसाठी ती साक्षांकित करायची वेळ आली तेव्हा कळलं की शिक्के अस्सल प्रतीच्या पाठीवर मारतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. केस वाळवायचं यंत्र घेऊन बसले. कोपऱ्यातून प्लॅस्टिक सुटायला लागलं, त्याबरोबर कुलगुरूंची सही पण निघायला लागली. थांबवलं. विद्यापीठातून दुसरी प्रत काढली, दोन महिने गेले.

यूएई अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मानायच्या, करारात नाही. त्यामुळे आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, आणि तिकडे गेल्यावर परत त्यांच्या मंत्रालयाचा. सौदी २०२२च्या डिसेंबरपासून अपोस्टिल घेतो. भाच्याच्या कंपनीला सर्टिफिकेट साक्षांकित हवंय का, ते लेखी विचारून घ्या. तोंडी 'नको' म्हणणारे तिकडे गेल्यावर हवं म्हणतात.

---

गिरगाव_रिक्रूटमेंट · सोमवार, दुपारी १:१०

परदेशी माणसं पाठवणाऱ्या एका परवानाधारक ऑफिसात मी बरीच वर्षं कागद तपासायचं काम केलं. वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही.

मामा, भाच्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा, आहे का?

---

वाळवेकर_मामा · सोमवार, दुपारी १:३५

नाही हो. दहावी पास आहे, ६४ टक्के. दहावी पासवाल्यांना ते लागत नाही असं ऐकलंय.

---

गिरगाव_रिक्रूटमेंट · सोमवार, दुपारी १:५०

ऐकलंय ते खरं आहे. पण दहावी पास असणं वेगळं आणि पासपोर्ट काढताना ते दाखवलेलं असणं वेगळं. पासपोर्ट हातात घ्या, पान न् पान उलटून बघा. 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं कुठे छापलंय का? काहीच नसेल तर उत्तम, आता कोरं म्हणजेच नॉन-ईसीआर. छापलेलं असेल तर मला लगेच कळवा.

बाकीच्यांसाठी: १९८३चा एमिग्रेशन कायदा. यादीत १८ देश आहेत, आखातातले सगळे धरून मलेशिया, थायलंड वगैरे. ईसीआर पासपोर्टवर तिथे नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती नसेल तर व्हिसा, तिकीट, सगळं असूनही आपल्याच विमानतळावर आपलाच अधिकारी परत पाठवतो. मला रडत फोन करणारी पोरं बहुतेक त्या जागेवरून करायची, दोह्याहून नाही.

---

कागल_ते_कोची · सोमवार, दुपारी ३:२०

आमी ट्रकवाले, आमची बॉर्डर कागल, कर्नाटकाची. तिकडं व्हिसा न्हाई पण ताप तेवडाच. आरशी, इन्शुरन्स, पीयूशी, परमिट, लायसन, आन् ई-वे बिल म्हंजी माल न्यायचा सरकारी ऑनलाइन कागद. ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरला एक दिवस. घाटात गाडी बंद पडली आन् रात्रीचे बारा वाजले की बिल मेलं. मंग मालकाला उटवायचं झोपेतनं, मुदत वाढवा म्हनून. मालक आदी शिव्या देतो, मंग वाढवतो.

२०२१ला कोगनोळीला करोनाचा रिपोर्ट मागत हुते. माज्याकडं हुता, क्लिनरकडं न्हवता. क्लिनर म्हनला मी चालत जातो शेतातनं, तुमी फुडं थांबा. म्या म्हटलं बाबा, हे करू नगंस. मागं फिरलो, कोल्हापुरात त्याच्या नाकात काडी घालून दुसऱ्या दिवशी गेलो. माल टोमॅटो हुता. कल्पना करा.

---

डिजिटल_देशमुख · सोमवार, दुपारी ४:००

कोणत्या युगात राहता लोकहो? डिजिलॉकर, ईमेल, ड्राइव्ह. माझ्याकडे गेली ५ वर्षं कागद नावाची वस्तू नाही.

---

भंडारी_दाभोळ · सोमवार, दुपारी ४:१२

फोनची बॅटरी नावाची वस्तू आहे का?

---

लेस्टरची_सून · सोमवार, संध्याकाळी ६:३०

देशमुखांची बाजू थोडी घेते. ब्रिटननं स्वतःच कार्ड बंद केलं. आमची बीआरपी कार्डं, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, २०२४च्या शेवटी संपली, आता नुसता ई-व्हिसा. हातात दाखवायला काही नाही, सगळं खात्यात. पण गंमत बघा. मी पासपोर्ट नवा केला आणि खात्यात नवा नंबर टाकायला विसरले. मुंबईहून परतताना काउंटरवर यंत्रणा म्हणते, या पासपोर्टवर काही नाही. विमानतळाचं वायफाय धरेना, ओटीपी येईना, मागे पन्नास माणसं, मुलगी कडेवर. शेवटी मागच्या गृहस्थांनी त्यांच्या मोबाईलचं हॉटस्पॉट दिलं. ते सोलापूरचे होते, त्यांचं भलं होवो.

आता शेअर कोडचा, म्हणजे ज्यावरून दुसऱ्याला माझा व्हिसा ऑनलाइन तपासता येतो त्या आकड्याचा, छापील कागद पण ठेवते. डिजिटल देशात जाताना कागद.

---

सीमेवरचा_सांगलीकर · सोमवार, रात्री ८:१५

मी राहतो जर्मनीत वाइल आम ऱ्हाइनला. ८ नंबरची ट्राम पकडली की थेट स्वित्झर्लंडमधलं बाझल. घरापासून सीमा जवळ की भाजीवाला जवळ, सांगणं कठीण. म्हणूनच घात होतो. मीटिंगला निघालो, खिशात जर्मन परवान्याचं कार्ड, पासपोर्ट घरी. नेमके त्या दिवशी ट्राममध्ये तपासणीवाले चढले. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी आपसांत सीमेवर पासपोर्ट न बघणाऱ्या देशांच्या गटात, असले तरी आपल्यासारख्यांना कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही लागतात. उतरवलं. बायको पासपोर्ट घेऊन येईपर्यंत थांब्यावर उभा, हातात डबा. डब्यात मेथीची भाजी होती, तिचा वास सगळ्या चौकशीभर दरवळत होता.

आणि मामा, तुमच्या 'वर्क'ला दाद. माझा जर्मन परवाना मला बाझलमध्ये *नोकरी* करू देत नाही, *मीटिंगला* जाऊ देतो. त्यामुळे 'कामाला चाललो' हे मराठीत सहज निघणारं वाक्य मी तिथे कधीच उच्चारत नाही. आपलं 'काम' फार मोठं आहे हो, बँकेतही काम असतं आणि शेजाऱ्याकडेही.

---

वाळवेकर_मामा · सोमवार, रात्री ९:५५

गिरगावकर साहेब, आहे.

आत्ता बहिणीकडून येतोय. पासपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला होता, हळदकुंकू लावून. छापलंय, तुम्ही म्हणता तसंच, इंग्रजीत. पोरगा म्हणतो, अठराव्या वर्षी नेट कॅफेत फॉर्म भरला, तिथल्या माणसानं 'नॉन-ईसीआरला पात्र आहात का' तिथं 'नाही' दाबलं. दहावीचं सर्टिफिकेट मागितलंच नाही, आणि यानंही दिलं नाही. पाच वर्षं पासपोर्ट घरात आहे, दसऱ्याला पूजा होते, पण कुणी उघडून वाचला नव्हता.

एजंटला फोन केला. तो म्हणतो काळजी करू नका, एअरपोर्टवर आपलं सेटिंग आहे.

मला आता झोप येत नाही.

---

काउंटरवाली · सोमवार, रात्री १०:०२

'सेटिंग' शब्द ऐकला की फोन ठेवायचा, मामा.

---

शॉर्टकट_शिंदे · सोमवार, रात्री १०:१०

सोप्पं आहे. टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिकडे गेल्यावर कामाचा करून घेतात. माझ्या मेव्हण्यानं तसंच केलं.

---

मस्कत_रिटर्न · सोमवार, रात्री १०:२५

शिंदे, मेव्हण्याचं नशीब चांगलं होतं. असे किती मेव्हणे मी लेबर कँपात बघितलेत. नोंद कुठेच नाही, अपघात झाला तर विमा नाही, पगार थकला तर तक्रार कुणाच्या नावानं करणार? हा सल्ला मागे घ्या.

---

दुबईकर_जोशीण · सोमवार, रात्री १०:३१

मग पासपोर्टच नवा काढा की! दहावीचं सर्टिफिकेट लावून री-इश्यू केला की ईसीआर जातं. माझ्या चुलतभावाचं झालं.

---

गिरगाव_रिक्रूटमेंट · सोमवार, रात्री ११:००

थांबा, थांबा. जोशीणबाई, एरवी तेच सांगितलं असतं. पण इथे व्हिसा आलेला आहे, आणि तो *या* पासपोर्टच्या नंबरावर आहे. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, म्हणजे व्हिसा दुरुस्त करत बसा. भंडारींची लागोसची गोष्ट, फक्त दसपट महाग.

पासपोर्ट आहे तसाच ठेवा आणि मंजुरी घ्या. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होते. अर्ज पाठवणारा परवानाधारक एजंट करतो. परदेशी कंपनीचीही तिथे नोंद असावी लागते. लागतात ते कागद तुमच्याकडे बहुतेक आहेतच: पासपोर्ट, व्हिसा, करार. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजना, १० लाखांचं कवच, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५. हा विमा ईसीआरवाल्यांना सक्तीचा आहे आणि एवढ्या पैशात दुसरीकडे काही मिळत नाही.

उद्या सकाळी एकच करा. एजंटचा परवाना नंबर मागा आणि पोर्टलवर तपासा. तालुक्याच्या गावातला माणूस बहुधा सब-एजंट निघेल, ज्याला कायद्यात जागाच नाही. करारावर मुंबईच्या कुठल्या ऑफिसचं नाव आहे का बघा. किती पैसे मागितलेत?

---

वाळवेकर_मामा · सोमवार, रात्री ११:०८

नव्वद हजार. चाळीस दिलेत. पावती नाही.

---

गिरगाव_रिक्रूटमेंट · सोमवार, रात्री ११:१२

कायद्यानं कमाल ३० हजार अधिक जीएसटी. पावतीसह.

---

रंगमंच_मागचा · मंगळवार, सकाळी ११:३०

वातावरण जड झालंय, जरा अवांतर.

आमचा नाटकाचा ग्रुप अमेरिकेत प्रयोगाला गेला होता, मी प्रकाशयोजनेला. व्हिसा पी-३, कलाकारांचा. काही ग्रुप टुरिस्टवर जातात आणि विचारलं की 'नातेवाइकांकडे आलोय' म्हणतात. सोळा जणांचे एकच नातेवाईक, आणि बॅगेत सोळा फेटे.

आमच्या ऐतिहासिक नाटकाच्या नायकानं तलवार हातातल्या बॅगेत ठेवली. लाकडाची, वर चांदीचा कागद. स्कॅनरवर काय दिसलं असेल ते असेल, शिपाई दोन पावलं मागे सरकला. नायक समजावतोय, "नकली है, नकली है". त्यात मागून आमचा विनोदी नट म्हणाला, "राजे, गडावर चाला". पुढचा अर्धा तास आम्ही सगळेच गडावर होतो.

कामाची गोष्ट: कॅमेरा, महागडी वाद्यं, दागिने नेत असाल तर *जाताना* कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. नाहीतर येताना "हे तिकडे घेतलं, ड्युटी भरा" असं होतं आणि आपली वस्तू आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं.

---

काठमांडू_दोनदा · मंगळवार, दुपारी १२:४५

अवांतरात अवांतर. नेपाळला 'काय लागतंय, आपलंच आहे' म्हणून जाऊ नका. जनरेटर बसवायला चौघे निघालो होतो विमानानं. तिघांकडे पासपोर्ट, चौथ्याकडे फक्त आधार. तिशीतल्या माणसाला आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे. चौथा होता तोच खरा मेकॅनिक. आम्ही तिघं दोन दिवस काठमांडूत जनरेटरकडे बघत बसलो.

---

एडिसनचा_अण्णा · मंगळवार, संध्याकाळी ७:१०

अमेरिकेवाल्यांसाठी, कारण हे कुणी सांगत नाही. एच-१बीचं (नोकरीच्या व्हिसाचं) मंजुरीपत्र तीन वर्षांचं होतं, पण माझा पासपोर्ट आठ महिन्यांत संपत होता. विमानतळावर आय-९४ (किती तारखेपर्यंत राहता येईल ती नोंद) मिळालं ते पासपोर्ट संपेपर्यंतचंच. मी पाहिलंच नाही. मला वाटलं मंजुरीपत्रावरची तारीख खरी. तारीख उलटायच्या तीन आठवडे आधी शेजारच्या तेलुगू दोस्तानं सहज विचारलं म्हणून वाचलो. आत आल्या आल्या ऑनलाइन आय-९४ काढून तारीख वाचा.

मामांच्या बहिणीच्या देव्हाऱ्यावर हसू नका कुणी. माझा पासपोर्ट रोज खिशात होता आणि मीही वाचला नव्हता.

---

मस्कत_रिटर्न · मंगळवार, रात्री ९:००

मामा, मी आखातात एकोणीस वर्षं काढली. तुम्ही विचारलंत हातात काय. मी सांगतो घरी काय ठेवायचं.

करार, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, विमा, मंजुरी, या सगळ्याची एक पूर्ण झेरॉक्स बहिणीकडे राहू द्या. तिकडच्या कंपनीचा पत्ता आणि फोन मराठीत मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पोरगं अडचणीत आलं तर धावपळ घरच्यांना करायची असते, आणि त्यांच्याकडे नेमका काहीच कागद नसतो.

दुसरं. तिकडे गेल्यावर पासपोर्ट कंपनीला 'ठेवायला' देऊ नको म्हणावं. आमच्या वेळी सर्रास घ्यायचे. माझी आई गेली तेव्हा गुरुवार संध्याकाळ होती, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, चावीवाला सुट्टीवर, शुक्रवारी ऑफिस बंद. शनिवारी पासपोर्ट मिळाला. पोचलो तेव्हा तिसरा दिवस उरकला होता. कतारमध्ये २०१५च्या कायद्यानं मालकाला कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, दंड आहे. पण कायदा पोराला ठाऊक असेल तरच तो नाही म्हणेल.

आणि करार स्वतः वाचायला सांगा. तिथे २०२१पासून किमान पगार १००० रियाल आहे. जेवण आणि खोली कंपनी देणार नसेल तर वर ३०० आणि ५००.

---

कागल_ते_कोची · मंगळवार, रात्री ९:४०

मस्कतवाले काका, नमस्कार घ्या. कपाटाचं म्या बी करतो आजच.

---

डिजिटल_देशमुख · मंगळवार, रात्री १०:०५

ठीक आहे, ठीक आहे. उद्या झेरॉक्स काढतो. समाधान?

---

पावसाळी_ढग · मंगळवार, रात्री १०:०७

दोन प्रती काढा. आणि पेन.

---

वाळवेकर_मामा · (अठरा दिवसांनी) शनिवार, सकाळी ६:५०

मंडळी, उशीर झाला, माफी असावी. काय काय झालं ते सांगतो.

करारावर मुंबईच्या एका ऑफिसचं नाव निघालं. पोर्टलवर परवाना सापडला, चालू होता. तालुक्यातल्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. भाच्याला घेऊन थेट त्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या माणसानं पासपोर्टची फक्त पुढची पानं पाठवली होती. खरं-खोटं देव जाणे. पण विमा काढून अर्ज त्यांनी केला, आणि मंजुरी आठवड्यात आली. हल्ली पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत, कागद छापून घ्यायचा. फी नियमाप्रमाणे घेतली, पावती दिली. चाळीस हजारांतले पंचवीस परत मिळालेत, पंधरांसाठी रोज त्या माणसाच्या दुकानासमोर जाऊन बसतो. आता तोच मला चहा पाजतो.

सगळ्यांचं ऐकून एक पातळ पाऊच केलं. काउंटरवालीताईंप्रमाणे वरच्या कप्प्यात पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, मंजुरी, बस. भंडारींप्रमाणे खालच्या कप्प्यात करार, विमा, दहावी आणि आयटीआयची सर्टिफिकेटं, लसीचा कागद, फोटो. नावं जुळवली, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. लॅमिनेट केलेलं काही नव्हतं, देवाची कृपा. झेरॉक्सचा गठ्ठा बहिणीकडे. आणि 'कशाला चाललास' विचारलं तर काय म्हणायचं, ते मी त्याच्याकडून वीस वेळा घोकून घेतलं.

काल रात्री निघाला. आत गेल्यावर त्यानं फोन केला. खिडकीवर पासपोर्ट उलटला, साहेबाचं बोट बरोबर त्या छापावर थांबलं. मंजुरी? यानं वरच्या कप्प्यातून काढून दिली. शिक्का पडला. कशाला चाललास हे कुणी विचारलंच नाही. पोरगा नाराज आहे, म्हणतो मामा, एवढं पाठ केलं होतं.

त्याच्या पुढच्या रांगेत एक मुलगा होता, बहुधा मराठवाड्यातला. त्याला बाजूला बसवलं होतं. तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "पण व्हिसा आहे ना".

---

गिरगाव_रिक्रूटमेंट · शनिवार, सकाळी ८:१५

दोन वर्षांनी सुट्टीवर आला की पहिलं काम, पासपोर्ट री-इश्यू, दहावीचं सर्टिफिकेट लावून. आत्ताच कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

---

भंडारी_दाभोळ · शनिवार, सकाळी ९:३०

मामा, पंधरा हजारांची खबर द्या. चहा चांगला असतो का?

---

नवा_आयडी_४१७ · रविवार, दुपारी २:२०

सर्वांना नमस्कार, मी नवीन आहे. मला कुवेतला ड्रायव्हरची नोकरी लागली आहे, पुढच्या आठवड्यात विमान आहे. व्हिसा आला आहे. व्हिसा असल्यावर आणखी काही कागद लागतात का? धागा मोठा आहे म्हणून वाचला नाही.

---

कागल_ते_कोची · रविवार, दुपारी २:२६

बस भावा. पासपोर्ट आन्लायस का संगं? उगड.